आधी ताट, मग ग्लास

हॉटेलात जेवायला जाणे ही आता सणावाराची बाब राहिलेली नाही. मुलाचा निकाल लागला, कुणाला बढती मिळाली, मेहुणे गावी आले, की संध्याकाळी बायपासवरच्या एखाद्या गार्डन रेस्टॉरंटात टेबल धरले जाते. पूर्वी अशा ठिकाणी पुढे कुटुंबांसाठी हॉल आणि मागे पडद्याआड परमिट रूम अशी वाटणी असे. आता अनेक ठिकाणी तो पडदा गेला आहे. मेनूकार्डाची पहिली पाने रंगीत पेयांच्या चित्रांनी भरलेली असतात. बर्फ, पुदिन्याची पाने, लिंबाची चकती, ग्लासच्या काठाला लावलेले मीठ, सगळे कसे देखणे! जेवणाची पाने मात्र मागे ढकललेली, आणि त्यांत एकाच ग्रेव्हीला तीन नावे दिलेली.

दवाखान्यात गप्पांच्या ओघात पुष्कळ जण सांगतात, "डॉक्टर, तिथलं जेवण काही खास नाही, पण ड्रिंक्स एकदम झकास!" बोलणारा हे सहज बोलून जातो, पण वैद्यकीय दृष्टीने या वाक्यात धोक्याची सूचना आहे. ज्या टेबलावर पेय सरस आणि जेवण बेताचे, तिथे माणूस जास्त पितो, कमी खातो आणि जे खातो तेही फार उशिरा खातो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की तेवढ्याच दारूचा शरीराला होणारा त्रास वाढतो. कसा, ते आज पाहू.

एक खुलासा आधीच करतो. दारू प्या, असे सांगणारा हा लेख नाही. मद्य हे कर्करोगाला कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच काढला होता. प्रकृतीला पूर्ण सुरक्षित म्हणता येईल असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले. जे पीत नाहीत त्यांनी सुरुवात करण्याचे काहीही कारण नाही. पण जे पितात, त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी नुसते "पिऊ नका" म्हणून बोलणे संपवले, तर त्यांचे काहीच भले होत नाही. म्हणून हा लेख.

पोटात काय घडते?

आपण गिळलेले अन्न प्रथम जठरात येते. जठराच्या खालच्या टोकाला एक झडपेसारखा स्नायू असतो. पोटात अन्न असले की हा स्नायू थोडे थोडे मिश्रणच पुढे लहान आतड्यात सोडतो. दारूतील मद्यार्क जठरातून थोडाच शोषला जातो. त्याचा मोठा भाग, साधारण पाचातले चार हिस्से, लहान आतड्यातून रक्तात जातो. तिथे शोषण फार वेगाने होते.

यावरून लक्षात येईल की सगळा खेळ त्या झडपेचा आहे. पोट रिकामे असेल तर दारू जठरात फारशी थांबत नाही. ती आतड्यात उतरते आणि अर्ध्या ते एक तासात रक्तातील पातळी शिगेला पोचते. पोटात पोळी-भाजी, डाळ-भात, अंडी, पनीर किंवा मासे असतील तर तीच दारू हळूहळू उतरते. पातळी उशिरा चढते आणि तितकी उंच जात नाही. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असलेले जेवण या कामी विशेष उपयोगी पडते.

यकृताचा वेग मात्र ठरलेला असतो. मध्यम बांध्याच्या माणसाचे यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा करू शकते. बादलीला एकच लहान भोक असावे आणि नळ मोठा सोडावा, तशी उपाशीपोटी पिणाऱ्याची अवस्था होते.

ग्लासातला हिशोब

आता किती प्यायलो हे कसे मोजायचे? आपल्याकडील व्हिस्की, रम, व्होडका, जिन यांत साधारणपणे ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मि.लि.च्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि ६० मि.लि.च्या लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम. हे १० ग्रॅमचे माप ध्यानात ठेवावे.

"मी फक्त बिअर घेतो," असे अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मि.लि.ची एक बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क. म्हणजे दोन लार्ज पेग! ५ टक्क्यांची माइल्ड बिअर असली तरी त्याच बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास मद्यार्क असतो.

कॉकटेलचा हिशोब याहून फसवा आहे. कॉकटेल म्हणजे काय याचा छापील खुलासा अमेरिकेतील एका वृत्तपत्रात १८०६ साली आला होता. कडक दारू, साखर, पाणी आणि कडवट अर्क यांचे मिश्रण, असा तो होता. दोनशे वर्षांत घटक शेकडो आले, पण तत्त्व तेच राहिले. गोड, आंबट आणि थंड चवीच्या पांघरुणाखाली दारूचा उग्रपणा झाकायचा. नुसती व्हिस्की घेताना घशाला जळजळ होते, त्यामुळे माणूस घोट घोट घेतो. गोड मिश्रणात ती जळजळ नसते, म्हणून ग्लास सरबतासारखा रिकामा होतो.

लाँग आयलंड आइस्ड टी या नावाने पुष्कळ जण फसतात. त्यात चहाचा थेंबही नसतो. व्होडका, जिन, रम, टकिला आणि संत्र्याच्या सालीचे एक मद्य, प्रत्येकी १५ मि.लि., असे त्याचे प्रमाण आहे. चहासारखा रंग येतो तो कोलामुळे. या एका ग्लासात सुमारे २५ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे अडीच स्मॉल पेग. ओतणाऱ्याचा हात सैल असला तर त्याहूनही जास्त. मोहितोमध्ये सुमारे ४५ मि.लि. रम, म्हणजे १५ ग्रॅम.

कशात मिसळले आहे यालाही महत्त्व आहे. साखर टाळावी म्हणून काही जण दारूत डाएट कोला घेतात. साखरेच्या पेयापेक्षा अशा पेयाबरोबर पोट लवकर रिकामे होते आणि रक्तातील मद्यार्काची पातळी अधिक चढते, असे अभ्यासांत आढळले आहे. साखर वाचली, पण नशा लवकर चढली, असा हा व्यवहार आहे.

स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषांपेक्षा कमी असतो. त्यामुळे वजन सारखे असले तरी तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातील पातळी जास्त चढते. वयस्कर मंडळींचेही तसेच. गरोदरपणात तर एक घोटही नको.

चखणा म्हणजे जेवण नव्हे

"आम्ही उपाशीपोटी कुठे पितो? चखणा असतो की!" हे ठरलेले उत्तर. पण त्या बशीत असते काय? खारे शेंगदाणे, फरसाण, मसाला पापड. मीठ आणि तिखटाने तहान वाढते आणि हात पुन्हा ग्लासकडे जातो. कित्येक ठिकाणी ही बशी फुकट येते. त्यामागे औदार्य असेलही, पण गल्ल्याचे गणितही असते.

उष्मांकांचा हिशोबही पाहा. १ ग्रॅम मद्यार्कातून ७ उष्मांक मिळतात. तीन लार्ज पेग म्हणजे ६० ग्रॅम, अर्थात ४२० उष्मांक. त्यात दोन मुठी, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, तळलेले शेंगदाणे धरले तर आणखी ३०० उष्मांक. घरच्या सात-आठ पोळ्यांइतके उष्मांक पोटात गेले आणि जेवण अजून यायचेच आहे. शिवाय रक्तदाब असणाऱ्यांना त्यातील मिठाचा त्रास होतो तो वेगळाच.

मग साडेदहाला वेटर सांगतो, "साहेब, किचन बंद होतंय, शेवटची ऑर्डर द्या." घाईने चिकन हंडी, तांबडा-पांढरा, जिरा राईस मागवला जातो. कुणी दोन घास खातो, कुणी नुसता रस्सा ओरपतो, बाकीचे तसेच राहते. ज्याने जेवण पुरते दडपले तो लगेच घरी जाऊन आडवा होतो. रात्री छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणे, मध्यरात्री उलटी, असे त्रास सुरू होतात. नशेत उताणे झोपलेल्या माणसाला उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली, तर जीवावर बेतू शकते. वरच्या पोटात सुरू झालेली, पाठीत जाणारी तीव्र कळ स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते. अशा वेळी अँटासिड घेऊन सकाळची वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

मधुमेह्यांनी हे नीट वाचावे

या साऱ्या प्रकारात सर्वाधिक धोका मधुमेही व्यक्तीला असतो, आणि तो लोकांच्या ध्यानातच येत नाही. दारूने साखर वाढते एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात ती धोकादायकरीत्या कमीही होऊ शकते.

आपण जेवलो नाही तरी रक्तातील साखर टिकते, कारण यकृत साठवलेली साखर सोडते आणि नवीन साखर तयार करते. यकृत मद्यार्काचा निचरा करण्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते. त्यात पोट रिकामे आणि अंगात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळीचा अंमल असेल, तर साखर झपाट्याने उतरते. हे लगेच होईलच असे नाही. कित्येक तासांनी, मध्यरात्री किंवा पहाटेही होऊ शकते.

माझ्या एका रुग्णाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय पन्नाशीचे, मधुमेह आठ वर्षांचा. मित्राच्या बढतीची पार्टी होती. "जेवायचेच आहे" म्हणून त्यांनी रात्रीची गोळी घरूनच घेतली. तिथे दोन-अडीच तास पिण्यात गेले. जेवण आले तेव्हा भूक मेलेली होती. अर्धी रोटी खाऊन ते उठले. मित्रांनी घरी आणून सोडले. पहाटे चारला त्यांच्या पत्नीला जाग आली, तेव्हा ते घामाने चिंब होते आणि असंबद्ध बडबडत होते. शेजाऱ्यांनी पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, चढलीय त्यांना, झोपू द्या." त्या बाईंनी मात्र मला फोन केला. "डॉक्टरसाहेब, वास दारूचाच येतोय, पण हे नेहमीसारखं वाटत नाही." घरात साखर तपासायचे यंत्र होते. मी बोटातून रक्त घेऊन तपासायला सांगितले. आकडा आला ३८. तोंडाने काहीही न देता त्यांना ताबडतोब रुग्णालयात हलवायला लावले. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले. पण गोळीचा अंमल पुष्कळ वेळ राहतो, म्हणून पुढचा दिवसभर त्यांना तिथेच ठेवावे लागले. शेजाऱ्यांचे ऐकून त्या माउलीने त्यांना झोपू दिले असते, तर काय झाले असते ते सांगायला नको.

साखर कमी झालेला माणूस आणि नशेतला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. जीभ अडखळते, तोल जातो, चिडचिड होते. म्हणून मधुमेही व्यक्ती पिऊन आली असेल तर "चढली आहे" असे गृहीत धरू नका, साखर तपासा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, मग जेवू घाला, आणि काही वेळाने साखर पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आणखी एक नियम. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घरून घेऊन हॉटेलात जाऊ नका. ताट समोर येत आहे याची खात्री झाली की मग घ्या. हॉटेलातील "दहा मिनिटांत आणतो" यावर औषधाचे वेळापत्रक बांधू नये.

इतर औषधे

झोपेची किंवा चिंतेची गोळी, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो. जुलाबासाठी दिले जाणारे मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना दारू घेतल्यास काहींना मळमळ, उलटी, धडधड असा त्रास होतो, म्हणून ती पूर्ण टाळावी. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि दारू मिळून जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. रोज पिणाऱ्याने डोके दुखते म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेणे यकृताला बाधते.

घरी परतताना

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार वाहन चालवणाऱ्याच्या १०० मि.लि. रक्तात मद्यार्क ३० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त असता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ६० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक लार्ज पेग घेतला, तर हिशोबाने ही पातळी ४५ ते ५० मि.ग्रॅ.च्या घरात जाऊ शकते. म्हणजे एकाच पेगमध्ये मर्यादा ओलांडली गेली! "दोनच घेतलेत, काही होत नाही," हे वाक्य मेंदूवर परिणाम झालेला माणूस बोलत असतो. त्याच्या निर्णयावर इतरांनी विसंबू नये. तीन लाँग आयलंड म्हणजे ७५ ग्रॅम, आणि त्यांचा निचरा व्हायला आठ-दहा तास. रात्री अकराला उठलेला माणूस पहाटे पाचला कामाची गाडी काढतो, तेव्हाही त्याच्या रक्तात मद्यार्क शिल्लक असतो.

काही गैरसमज

कॉफी, लिंबूपाणी, ताक किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू लवकर उतरत नाही. झोप थोडी उडते इतकेच. यकृताचा वेग वाढत नाही. पिण्याआधी चमचाभर तूप घेतल्याने जठराला अस्तर लागून दारू शोषली जात नाही, हाही भ्रम आहे. आणि पोटभर जेवून प्यायले म्हणजे दारूचा दोष गेला, असेही नाही. जेवणाने वेग कमी होतो; यकृतावर, हृदयावर पडणारा एकूण भार बहुतांशी तेवढाच राहतो. म्हणून जेवणाचा उपाय कमी पिण्याच्या जोडीला आहे, जास्त पिण्याचा परवाना म्हणून नव्हे.

मुलांच्या ग्लासाकडे लक्ष

बिनदारूच्या मोहितोचा आणि खऱ्या मोहितोचा ग्लास दिसायला सारखाच असतो. गर्दीच्या टेबलावर अदलाबदल होणे अवघड नाही. लहान मुलाच्या पोटात थोडी दारू गेली तरी साखर उतरून झटके येऊ शकतात. मोठ्यांचे ग्लास मुलांच्या हाताच्या टप्प्यात ठेवू नयेत. मुलांना मॉकटेलपेक्षा साधे लिंबू सरबत किंवा सोलकढी बरी. ३०० मि.लि. कोलामध्ये सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, आणि सरबताच्या पाकावर बनलेली मॉकटेलही त्याच जातीची.

थोडक्यात

१. घरून निघण्याआधी एखादी पोळी-भाजी, अंडे किंवा वाटीभर डाळ-भात खावा.

२. टेबलावर बसताच पहिली ऑर्डर जेवणाची द्यावी. ताट आल्याशिवाय ग्लास उचलू नये.

३. चखण्याऐवजी भाजलेले मासे, पनीर, उकडलेली अंडी, काकडी-टोमॅटो मागवावे.

४. प्रत्येक पेयाबरोबर एक ग्लास साधे पाणी घ्यावे. कॉकटेलमध्ये कोणती दारू किती मि.लि. आहे, हे विचारायला संकोच करू नये.

५. गाडी कोण चालवणार हे निघतानाच ठरवावे. त्याने त्या रात्री एक थेंबही घेऊ नये, आणि त्याला कुणी आग्रह करू नये.

६. बेशुद्ध किंवा जाग न येणाऱ्या माणसाला कुशीवर वळवून ठेवावे, एकटे सोडू नये. श्वास फार मंद किंवा अनियमित असेल, अंग गार पडून ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करावा.

पुढच्या वेळी मित्रमंडळी त्या बायपासवरच्या हॉटेलचे नाव काढतील, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: "तिथे जेवण कसे मिळते?" जिथे जेवण चांगले आणि वेळेवर मिळते, तिथेच टेबल धरा. बिल कदाचित तेवढेच येईल, पण माणसे घरी धड पोचतील.